भाऊजींनी जंत टोचला त्याची हकीकत

ब्रह्मपुरी,
श्रावणातला दुसरा मंगळवार

तीर्थस्वरूप गिरजाबाईस,

ज्याला तू लहानपणी गावच्या तळ्यात, बोडीत बुडता बुडता केसाला धरून वर काढलंस आणि त्याची आठवण तेव्हापासून दर सणाला करून देत आलीस, त्या तुझ्या धाकट्या भावाचा, प्रफुलचा दंडवत. इकडे सगळे ठीक आहेत. तुझे गुडघे बल्लारपूरच्या जिन्याला काय म्हणतात? डिंपल आणि बाळ सुखरूप असल्याचं फोनवर कळलं. बाळाचं नाक आपल्या घरावर गेलंय, हेही कळलं. (बाळाला माझी सहानुभूती कळव.) जावईबापू कामाच्या पाळीवरून आले की बाळाचे कपडे स्वतः धुतात, हे तू तीनदा सांगितलंस. त्यात कौतुक किती आणि धक्का किती, ते मात्र नीट समजलं नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण असं की फोनवर तू बोलतेस. गेल्या आठवड्यात मी चारदा फोन केला आणि चारही वेळा माझ्या वाट्याला "हं", "बरं" आणि "ठेवू का" एवढंच आलं. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. तेव्हा आता हात गुडघ्यावर ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

प्रथम माझ्यावर झालेला अन्याय. आमच्या प्राणिशास्त्र विभागात आज एकवीस दिवस झाले, चहाची गाळणी नाही. सव्वीस वर्षं मी या विभागात परिचर आहे. या काळात तीन प्राचार्य गेले, दोन समित्या येऊन काजू खाऊन गेल्या, बाटलीतला अजगर पांढरा पडला. पण चहा कधी न गाळता प्यायलो नव्हतो. एकवीस दिवसांपासून मी चहा पीत नाही, चावतो. मी रीतसर अर्ज केला. विभागप्रमुख साहेबांनी त्यावर "पाहावे" असा शेरा मारला. कोणी पाहावे, काय पाहावे, याचा खुलासा नाही. म्हणून मीच रोज पाहतो. गाळणी रंजीता मॅडमच्या टेबलावर आहे आणि तिच्यात त्या माशाची आतडी धुतात.

रंजीता मॅडम म्हणजे आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाई. (तासिका तत्त्व म्हणजे तास चालू असेल तोवर माणूस, तास संपला की फर्निचर.) वय बत्तीस, राहणार वडसा, रोज बसने वैनगंगा ओलांडून येतात आणि रोज ओलांडून जातात. पीएच.डी. करतात. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "प्रफुलभाऊ, तुमचे घरचे लोक मासोळीच्या धंद्यात आहेत ना? मला देशी मांगूर पाहिजेत. पण पोटात जंत असलेलेच." गिरजाबाई, आपल्या घरात सात पिढ्या मासे विकले गेले. गिऱ्हाइकाने ताजा मागितला, मोठा मागितला, उधार मागितला. जंताचा कोणी मागितला नव्हता. मला वाटलं मुलीचं लग्न जमत नसावं, त्याचा परिणाम असेल. तसं नव्हतं. त्यांचा विषयच हा होता: पट्टकृमीच्या चेतासंस्थेतले हार्मोनसारखे पदार्थ. म्हणजे मांगुराच्या पोटात जो पांढरा चपटा जंत असतो, ज्याला आपण पट्टी म्हणतो, त्याच्या डोक्यात कोणता रस कधी तयार होतो, याचा तपास.

मी त्यांना आपल्या धुरपताकडे नेलं. तुला माहीतच आहे, धुरपता मासे विकायला बसली की बाजारातला लाउडस्पीकर लाजतो. जंतवाला मांगूर दिला तर मॅडम दर आठवड्याला घेतील एवढं कळल्यावर तिने पुढच्या आठवडी बाजारात भर गर्दीत आरोळी ठोकली, "ये वो मॅडम, इकडं ये! पोटात पट्टी हाय, पट्टी! बिनापट्टीचा निंगाला तं वापस आन!" अर्ध्या मिनिटात तिच्यासमोरून सगळं गिऱ्हाईक उठलं. शेजारच्या सुकटवालीचं पण उठलं. तेव्हापासून धुरपता माझ्याशी बोलताना माझ्या नावाआधी एक विशेषण लावते, ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. पण मॅडमना मांगूर मात्र देते, फक्त आता पोलिसांना खबर द्यावी तसं कानात सांगून देते. आतडी मॅडम नेतात आणि उरलेला मासा माझ्या घरी येतो. तुझी भावजय म्हणते, आणखी एक मांगूर दारात आला तर मीच माहेरी जाते.

आता मुद्द्याकडे येतो. पण आधी तो जंत तुला दाखवला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं तुला नुसतं गाढवपण वाटेल. (शेवटी तसंच वाटणार आहे, पण पायरीपायरीने वाटावं.) हा मांगुरातला जंत बोटाच्या पेरापेक्षा जरा लांब. शाळेच्या पुस्तकातल्या पट्टकृमीसारखा तुकड्यातुकड्यांचा नाही, सरळ एकसंध, वाळलेल्या पोह्यासारखा पांढरा. त्याला तोंड नाही. पोट नाही. आतडं नाही. डोळे, कान, पाय, काही नाही. आतड्याच्या भिंतीत डोकं खुपसून तो अंगानेच खातो, धोतर पाणी पितं तसा. एवढं ऐकून मी मॅडमना विचारलं, "मग त्याला डोकं कशाला?" मॅडम खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, दोन वर्षांत एवढा चांगला प्रश्न मला कोणी विचारला नाही. बसा इथं."

बाई, सव्वीस वर्षं मी तो मायक्रोस्कोप पुसतो. हजारो पोरांनी त्यातून पाहिलं, त्यांच्या पापण्यांचं काजळ मी पुसलं. मला कोणी स्टुलावर बसवलं नव्हतं आणि मीही बसलो नव्हतो. परिचराचं काम उभं राहण्याचं असतं. मॅडम म्हणाल्या, "एक डोळा मिटा." मी दोन्ही मिटले. मग त्यांनी समजावून सांगितल्यावर एक उघडला. आधी माझीच पापणी दिसली. मग ती बाजूला झाली आणि जंताचं डोकं आलं, उभं कापलेलं. त्यात दोन बारीक गाठी, मध्ये पूल, आणि तिथून दोन दोऱ्या खाली शेपटाकडे गेलेल्या. एवढाच मेंदू, एवढीच तारयंत्रणा. आणि त्या गाठींच्या कडेला काही पेशी जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या. जांभळं खाऊन आलेल्या पोराने जीभ दाखवावी, तसा रंग. मॅडम म्हणाल्या, ह्या पेशी निरोप नुसता दोरीने पाठवत नाहीत, रस सोडून पाठवतात, हार्मोनसारखा. "सारखा म्हणायचं बरं का भाऊ. हार्मोन म्हणायचं नाही. अजून सिद्ध व्हायचंय."

मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे. साहेब दोनदा हाक मारून गेले म्हणे. माझं डोकं त्या जंताच्या डोक्यात अडकलं होतं. ज्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, जो जन्मभर अंधारात बसून फुकट जेवतो, तो निरोप कोणाला पाठवतो? आणि काय पाठवतो? मॅडम म्हणाल्या, तेच शोधतेय. त्यांनी हिवाळ्यातले जंत पाहिले, तेव्हा दाणे गच्च भरलेले. उन्हाळ्यातले पाहिले, तेव्हा पेशी रिकाम्या आणि अंड्यांची घाई. म्हणजे त्या अंधारात बसूनही जंताला ऋतू कळतो. आता पावसाळा राहिला होता, आणि खरा प्रश्न पावसाळ्याचाच; कारण तेव्हा मांगूरच स्वतः अंड्यावर येतो. यजमानाच्या घरात कार्य निघालं की पोटातल्या पाहुण्याला कळतं का, आणि कळलं तर कशाने? मी म्हटलं, आमच्या घरमालकाकडे लग्न निघालं तेव्हा मला लगेच कळलं, कारण नळाचं पाणी त्यांनी स्वतःकडे वळवलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. बाई, माझं बोलणं वहीत! तू आयुष्यभर माझं बोलणं कानात सुद्धा घेतलं नाहीस.

अशा माणसाची छाती फुगणारच. आषाढात एका रविवारी मी आपल्या गावी, चिंचबोडीला गेलो, तुझ्या माघारी भाऊजींची विचारपूस करायला. (ते स्वयंपाक करतात. म्हणजे भात करतात आणि रोज त्याला वेगळं नाव देतात.) जेवता जेवता मी त्यांना जंताचं डोकं सांगितलं. दोन गाठी, पूल, जांभळे दाणे, सगळं सांगितलं. फक्त ते "सारखा" वाटेत काळीपिवळी जीपमध्ये कुठेतरी पडलं असावं, कारण मी म्हणालो, "भाऊजी, त्या जंतात हार्मोन सापडलं."

दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर तो "हो का" म्हणून भात कालवत राहिला असता. पण लटारूभाऊजी म्हणजे मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आणि हार्मोन या वस्तूशी त्यांची ओळख आमच्या साहेबांपेक्षा जुनी. तुला आठवत असेल, आताच्या तयार हार्मोनच्या सरकारी शिश्या यायच्या आधी भाऊजी बाजारातून रोहूची डोकी गोळा करून आणायचे, त्यांची कवटी उघडून मुगाच्या दाण्याएवढी ग्रंथी काढायचे, तपकिरी बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवायचे आणि पावसाळा लागला की ती खलात घोटून, पाण्यात कालवून, अंड्यावर आलेल्या मादीला टोचायचे. मग कापडाच्या पिंजऱ्यात, ज्याला आपण हापा म्हणतो, एक मादी आणि दोन नर सोडले की संध्याकाळपर्यंत माशांचं बीज तयार. आठवी नापास माणसाने हे केलेलं आहे आणि आमच्या एम.एस्सी.च्या पोरांना ते परीक्षेत लिहिताही येत नाही. तेव्हा भाऊजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, "अबे प्रफुल, हार्मोन हाय म्हणजे डोक्यातच हाय ना?" मी म्हटलं, डोक्यातच. "अन् बाटली कोनती?" मी म्हटलं, तपकिरी. "अल्कोहोल?" म्हटलं, अल्कोहोल. भाऊजींनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "मंग आपून सरकारी शिशीची वाट कायले पाहून राह्यलो बे? मांगुराच्या पोटात कारखाना हाय आपला!"

खरं सांगायचं तर त्यांची अडचण खरी होती. यंदा शिश्या वेळेवर आल्या नाहीत. माद्या अंड्याने फुगल्या होत्या, आणि आणखी आठ दिवस गेले असते तर ती अंडी पोटातच जिरली असती. बीज नाही तर तलावात सोडायला काही नाही, आणि तलावात काही नाही तर पुढच्या वर्षी सोसायटीच्या बेचाळीस घरांनी काय तळं पाहत बसायचं? तेव्हा त्यांचा तर्क मला वेडा वाटत नाही. माशाच्या डोक्यातल्या हार्मोनने मासा अंडी टाकतो, हे त्यांनी स्वतः केलेलं. मग माशातल्याच जंताच्या डोक्यातल्या हार्मोनने का टाकू नये? हे मी आमच्या साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी "पाहावे" म्हटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मॅडमची पावसाळ्याची बाटली, म्हणजे एकोणतीस मांगूर चिरून मिळालेले अकरा जंत, विभागातून नाहीशी झाली आणि चिंचबोडीत उगवली. ती भाऊजींच्या पिशवीत कशी गेली हे सांगणं अवघड आहे. प्रयोगशाळेत वस्तू हलत असतात. साहेबांनी मॅडमकडे खुलासा मागितला, तो त्यांनी दिला, प्रकरण मिटलं. ते फार महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की शुक्रवारी सकाळी भाऊजींनी ते अकराही जंत तुझ्या मसाल्याच्या खलात घोटले. (बाई, तो खल आता मसाल्याला वापरू नकोस. कोणाला देऊही नकोस.) मॅडम जंत आधी ज्या पिवळ्या औषधात भिजवतात त्याच्यामुळे त्याला हळदीसारखा रंग आला, तेव्हा भाऊजी खूश झाले, म्हणाले, "रंगावरूनच समजते, माल कडक हाय." मी अर्धी रजा टाकून काठावर उभा होतो. पाच किलोची रोहूची मादी ओल्या कापडात धरली, शेपटीजवळचं खवलं उचललं आणि सुई आत गेली. मादीने भाऊजींच्या तोंडावर शेपटी मारली. त्यांनी तिला "शाबास" म्हटलं.

दुपारी चिमूरकडून आभाळ भरून आलं, तासभर सपाटून पडलं, नाल्याचं नवं पाणी धो धो बोडीत आलं. आणि चारच्या सुमारास हाप्यात खळबळ झाली. बाई, मी साबुदाण्याची खीर एवढ्या भक्तीने कधी पाहिली नाही. सगळा हापा दाण्यांनी भरला. सोसायटीचे लोक धावत आले. भाऊजी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी अंडी दाखवत ओरडत होते, "जंत हाय हा! आपल्या बोडीचा जंत!" कोणीतरी नारळ आणला. मी तुझा भाऊ असल्यामुळे मला खोबऱ्याचा मोठा तुकडा मिळाला आणि तो मी न खाता खिशात टाकला.

मॅडमना सांगणं माझ्याकडेच आलं. मी सोमवारी सांगितलं.  त्या आधी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मी अजगराच्या बाटलीवरची धूळ पुसली, ती नव्हती तरी पुसली. मग त्या वळल्या आणि पहिला प्रश्न असा, "मादी किती किलोची होती?" मी सांगितलं. "किती तासांनी टाकली?" सांगितलं. "भाऊ, आणि दुसऱ्या मादीला नुसतं पाणी टोचून पाहिलं होतं का?" डोळे ओले आणि हातात पेन्सिल. मी अशी बाई पाहिली नाही. जिची चोरी झाली ती चोराला विचारते, कुलूप उघडताना आवाज कसा आला.

त्याच दिवशी मी त्यांना चिंचबोडीला घेऊन गेलो. भाऊजींनी खाट टाकली, चहा केला (गाळलेला), आणि मॅडमचा पाण्याचा प्रश्न ऐकल्यावर माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मॅडम, पाणी कायले टोचू? मासोळी जनमभर पाण्यातच राह्यते. पाण्यानं होत असतं तं रोजच झालं असतं!" मॅडमनी फार गोडीने समजावलं, की नुसतं पाणी टोचलेल्या मादीनेही अंडी टाकली तर जंताचा काही संबंध नाही, आणि नाही टाकली तर कदाचित असेल. भाऊजी म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, का माह्या हातानं झालं ते झालंच नाई?" मॅडम म्हणाल्या, "झालं. पण काऊन झालं?" दोघंही खरं बोलत होती, म्हणून समेट होईना. शेवटी मॅडमनी विचारलं, पावसाळ्याचे जंत गेले, तर बोडीतले दहा-बारा मांगूर पोळ्याआधी मिळतील का? कारण पोळ्यानंतर हे जंत गळून जातात, ते थंडी पडल्यावरच पुन्हा दिसतात. मागच्या वर्षी पोळा झाल्यावर त्यांनी चाळीस मांगूर चिरले, एक निघाला नाही. आणि यंदाचा पावसाळा हुकला तर आणखी एक वर्ष, आणि पुढच्या वर्षी तासिका मिळतील की नाही ते साहेब पाहतील.

भाऊजी उठले, टॉवेल झटकला आणि म्हणाले, "मॅडम, बोडी सोसायटीची, मांगूर सोसायटीचा, तं जंत कोनाचा? सोसायटीचाच ना." आता तसा ठराव झाला आहे. बोडीतला प्रत्येक मांगूर सोसायटीच्या ओट्यावर चिरायचा, आतडी जमा करायची आणि पुढच्या वर्षासाठी जंत बाटलीत ठेवायचे. पोचूबुढ्याला चष्मा देऊन ओट्यावर बसवलं आहे. त्याला जंत आणि चरबी यातला फरक दिसत नाही, त्यामुळे बाटलीत दोन्ही आहेत. या ठरावानंतर धुरपता सुद्धा मांगूर द्यायला घाबरते. इकडे मॅडम रोज येतात, तास घेतात, आणि रिकामी गाळणी धुऊन परत तशीच टेबलावर ठेवतात. मी गाळणी मागायचं सोडून दिलं आहे.

तर इकडची हकीकत ही अशी. तुझी तब्येत सांभाळ, जिना हळू उतर, डिंपलला आशीर्वाद, बाळाच्या नाकाला तेल लावू नकोस, त्याने काही फरक पडत नाही, माझ्याकडे पाहा. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
प्रफुल

ता. क. एक राहिलंच. तू भाऊजींना फोन करून एवढंच सांग, की मॅडमना दहा मांगूर द्या. तुझं ते ऐकतात. म्हणजे ऐकत नाहीत, पण तू ओरडून संपेपर्यंत त्यांना कंटाळा येतो आणि ते हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर साळसूदपणे विचार, "अहो, तो दुसरा हापा कसा हाय?" त्याचं असं की पहिल्या हाप्यापासून वीस हातांवर दुसरा हापा होता. त्यात सरकारी शिशीसाठी राखून ठेवलेली मादी होती आणि दोन नर. तिला कोणी काही टोचलं नव्हतं, जंत नाही, पाणी नाही. त्या शुक्रवारी सगळे नारळाकडे गेल्यावर मी पाय धुवायला तिकडे गेलो. तिथेही साबुदाणाच होता. नव्या पाण्याने झालं असेल, आभाळाने झालं असेल, मला काय कळतं. भाऊजींनी ते पाहिलं, मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांनी गमछा त्या हाप्यावर वाळत घातला. मी तुला हे सांगितलं असं सांगू नकोस.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. बाटली हलली वगैरे मी वर लिहिलंय, ते खरं नाही. भाऊजी कॉलेजच्या फाटकाशी आले होते, मॅडम तासावर होत्या, मी कपाट उघडलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली. भाऊजी "दे" म्हणाले नव्हते. नुसते उभे होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा घरचं माणूस कॉलेजात माझ्याकडे काही मागायला आलं होतं आणि माझ्याकडे देण्यासारखं काहीतरी होतं, एवढंच कारण. साहेबांनी खुलासा मागितला तेव्हा मॅडमनी लिहून दिलं, "बाटली माझ्या हातून फुटली." त्यांना ठाऊक होतं कोणी दिली ते. कपाटाची किल्ली दोघांकडेच असते. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत, त्यांच्या तासिकांना या महिन्याचेही दिवस मोजलेले आहेत, आणि त्यांनी असं लिहिलं. 

ता. क. तिसरा, सोमवार. पत्र अजून माझ्याकडेच आहे. भाऊजींना फोन करू नकोस. म्हणजे कर, दुसऱ्या हाप्याचं विचार, पण धमकी म्हणून नको. त्या मादीने अंडी कशाने टाकली हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे, आणि असले प्रश्न त्यांच्याएवढे इथे कोणाला कळत नाहीत. मांगुरांचं राहू दे. काल रविवारी मी आपल्या वाट्याच्या बांधीत, धानाच्या खाचरात उतरलो. बोडीच्या खाली असली तरी धानाची बांधी सोसायटीची नाही, आपल्या दोघांची आहे, आणि पावसात मांगूर बांध चढून तिथे येतातच. मासे धरणं सोडून मला सव्वीस वर्षं झाली; पहिल्याच मांगुराने काटा मारला, अंगठा वांग्याएवढा झाला आहे. तीन धरले. ओल्या पोत्यात घालून बसने आणले. (एक वाटेत बाहेर आला आणि कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं.) विभाग बंद होता, किल्ली माझ्याकडे. दोन रिकामे निघाले. तिसरी मादी होती, अंड्याने भरलेली, आणि तिच्यात चार जंत, जिवंत. मॅडम करतात तसं सगळं केलं, मिठाचं पाणी, मग पिवळं औषध. चिठ्ठीवर गाव, तारीख, मादीचं वजन आणि "अंड्यावर आलेली" असं लिहिलं. अकराचे चार झाले, पण आहेत.

आज सकाळी साहेबांच्या टेबलावर माझा खुलासा ठेवला, दोन ओळींचा: बाटली मॅडमच्या हातून फुटली नाही, कपाटातून मी काढून दिली. खाली सही. मॅडमची बस साडेदहाला येते. बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली, चिठ्ठी पुढे करून, आणि मी मागे जाऊन स्लाइड धुवायला घेतल्या.